दोन तांब्यांतला स्वयंपाक

खिचडी करपली, तिथून या पुस्तिकेची सुरुवात झाली.

उदगीर तालुक्यात देवर्जनजवळ हत्तीबेट नावाची टेकडी आहे. माघातल्या एका शनिवारी आम्ही सहा जण तिच्या परिसरात एका ओळखीच्या शेतात मुक्कामाला गेलो. तंबू होते, स्लीपिंग बॅगा होत्या, डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या होत्या. खायला बाजारातली झटपट पाकिटं, शिवाय तांदूळ आणि मूगडाळ. पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन जार. गप्पांच्या नादात खिचडी बुडाला लागली. ती खरवडायला पाणी, पातेलं घासायला पाणी, पुन्हा टाकलेल्या भाताला पाणी, त्यात हातपाय धुणारे, चहा मागणारे. झोपायच्या आत एक जार संपला आणि दुसरा पहाटे अंधारात कुणाच्या तरी पायानं कलंडला. शेतातल्या विहिरीनं तळ दाखवला होता, बोअरला वीज नव्हती. सकाळी सहा माणसांत सगळं मिळून तीन-साडेतीन लिटर पाणी उरलं.

तेव्हा आमच्यातल्या एकानं पिशवीच्या तळातून आईनं कोंबलेली दोन पुडकी काढली. एकात येसर, दुसऱ्यात कडक भाकरी. रात्री रंगीत पाकिटांच्या शेजारी ती मांडायची त्याला लाज वाटली होती. दीड तांब्या पाण्यात येसराची आमटी झाली, तिच्यात भाकरी कुस्करली, सहाही जण पोटभर जेवले. ताटं भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं पुसून निघाली होती, त्यामुळे धुवायचा प्रश्न संध्याकाळी घरी जाईपर्यंत पुढे ढकलता आला.

घरी आल्यावर मी स्वतःपुरता एक नियम केला. चार माणसांचं एक वेळचं जेवण दोन तांबे पाण्यात झालं पाहिजे. तांब्या म्हणजे साधारण एक लिटर धरा. या दोन तांब्यांत पीठ भिजवणं, शिजवणं आणि भांडी घासणं सगळं आलं, फक्त प्यायचं पाणी वेगळं. या नियमात बसला तो पदार्थ या पुस्तिकेत आहे आणि न बसलेला कितीही चवदार असला तरी नाही. मसालेभात गेला. पावभाजीचा तर विचारच नको. वरणफळं गळाली याचं मला अजून वाईट वाटतं, पण डाळ शिजवण्यात एक तांब्या जातो आणि बुडाला चिकटलेली फळं काढण्यात दुसरा. साधं तुरीचं वरणसुद्धा नाही. लातूर-उदगीरच्या डाळमिलवाल्यांनी रागावू नये. त्यांची डाळ उत्तमच आहे, पण ती घरच्या कुकरात शोभते.

मुक्कामाच्या स्वयंपाकावर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक सह्याद्रीत भटकणाऱ्यांचं असतं. गडावर टाकं असतं, पावसाळ्यात ओढे वाहत असतात, म्हणून त्यांचा पहिला प्रश्न असतो पाठीवरच्या वजनाचा. आपल्याकडे वजन फार नडत नाही. हत्तीबेटाच्या पायथ्यापर्यंत मोटारसायकल जाते, कंधारच्या किल्ल्याच्या दारापर्यंत डांबरी रस्ता आहे, खरोशाच्या लेण्यांना गाडी लागते. आपला पहिला प्रश्न पाण्याचा. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातूर स्टेशनात आली, पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना पाणी मोजून वापरण्याविषयी मी काय सांगणार? माझं म्हणणं इतकंच आहे, की पाणी मोजून रांधायची रीत या भागातल्या घरांत त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. मुक्कामाला निघताना आपण ती घरी ठेवून बाजारातली पाकिटं उचलतो.

'कॅम्प' या शब्दाचंही आपल्याकडे वेगळं आहे. नांदेडच्या जुन्या माणसांपुढे तो उच्चारला, की त्यांना तंबू आणि शेकोटी आठवत नसे, निजामाविरुद्धचा लढा आठवे. १९४७-४८ मध्ये हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीबाहेर सशस्त्र कार्यकर्त्यांचे कॅम्प होते. नांदेडच्या बाजूचा कॅम्प पैनगंगेपलीकडे उमरखेडला होता आणि ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली गेली ती तिथल्याच मंडळींकडून. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. औसा-निलंगा आणि उमरगा-लोहारा भागातली गावंच्या गावं उघड्यावर आली आणि पुढचे कित्येक महिने पत्र्याच्या शेडात राहिली. त्या पिढीला उघड्यावरची चूल म्हटलं की मौज सुचत नाही. आपण हौसेनं बाहेर झोपतो, हे वेगळं नशीब आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण उघड्यावर रांधणं आपण शोधून काढलं असा आवही आणू नये.

कारण इथं दरवर्षी हजारो माणसं घराबाहेर रांधतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुखेड-कंधारच्या डोंगरपट्ट्यातून, जळकोटच्या तांड्यांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, राहायला 'कोपी' असते आणि पहाटे तीन-साडेतीनला चूल पेटते, कारण उजाडायच्या आत फडात उभं राहायचं असतं. भाकरी तेव्हाच होतात त्या दिवसभराच्या. दुपारी उसाच्या सावलीत त्या सोडल्या जातात. सोबत ठेचा किंवा चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. पाणी मुकादम किंवा कारखाना देईल तितकं. या स्वयंपाकाला कुणी कॅम्पिंगचा स्वयंपाक म्हणणार नाही, पण टिकाऊपणा, कमी पाणी आणि कमी भांडी हे तिन्ही गुण त्यात पुरेपूर आहेत. पुस्तिकेतला चटण्यांचा भाग मी कोपीवर राहून आलेल्या बायकांना विचारून पुरा केला. एकीनं विचारलं, 'हे लिहून घ्यायला काय झालं? खलबत्ता न्हाई का घरी?' मी 'मिक्सर आहे' म्हटल्यावर ती जे हसली, ते इथं लिहून दाखवता येत नाही.

दुसरे बाहेर झोपणारे म्हणजे जागलीला जाणारे. किनवट-माहूरच्या जंगलालगत रानडुकरं हरभरा आणि ज्वारी नासवतात, म्हणून शेतकरी माळ्यावर रात्र काढतात. तिसरे यात्रेकरू. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोड्या-गाढवांचा बाजार भरतो, भटक्या जमातींची पालं पडतात. 'टेंट'ला मराठीत तंबू म्हणावं की राहुटी, यावर वाद घालणाऱ्यांनी एकदा माळेगावला जावं. 'पाल' हा शब्द तिथं अजून वापरात आहे आणि पालापुढे तीन दगडांची चूलही आहे. यात्रेत विकतचं खाणं हवं तितकं मिळतं, तरी पालातल्या बाईच्या गाठोड्यात पीठ, तिखट-मीठ आणि तेलाची बाटली असतेच.

आणि मग आपण सगळेच. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूर-धाराशिवकडची माणसं घराला कुलूप लावून रानात जातात. बोलीत तिला येळवस म्हणतात. सीमेपलीकडे कर्नाटकात हीच एळ्ळ अमावास्या. शेतात कडब्याची कोप करायची, पांडव मांडायचे, पूजा करायची आणि आल्यागेल्याला जेवू घालायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील, गव्हाची खीर. वर्षातलं सर्वांत मोठं वनभोजन हेच, पण गंमत अशी, की यातलं फारसं काही रानात शिजत नाही. घरी रात्रभर चुली पेटलेल्या असतात आणि सकाळी सगळं डोक्यावरून, हल्ली गाडीतून, शेतात जातं. म्हणून भज्जीनं या पुस्तिकेत जागा मागू नये. तिला भांडंही मोठं लागतं आणि माणसंही. आंबील मात्र घेतली आहे. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, जिरं, मीठ. मडक्यात गार राहते, भूकही भागवते आणि तहानही, त्यामुळे तिच्यात गेलेलं पाणी मी नियमातून वगळतो. ताक एक दिवसाच्या पलीकडे नेता येत नाही, तेव्हा ती पहिल्याच दुपारी संपवावी.

आता मुख्य ऐवजाकडे येऊ. येसर हा या पुस्तिकेचा कणा आहे. मराठवाड्याबाहेरच्या वाचकासाठी सांगतो: गहू, हरभऱ्याची डाळ, ज्वारी किंवा बाजरी, धने, जिरं, सुक्या मिरच्या, सुकं खोबरं, हळद, हिंग आणि घरोघरीचा खडा मसाला वेगवेगळा मंद आचेवर भाजायचा आणि दळायचा. लग्नाच्या पंगतीत येसराच्या आमटीवर गावं जोखली जातात. घरी ती कशी होते? लसणाची फोडणी, पाणी, चिंच-गूळ-मीठ, आणि गार पाण्यात कालवलेलं तीन-चार चमचे येसर. उकळी फुटली की झाली. डाळ आधीच भाजलेली, मसाला आत, घट्टपणाही आत. शिजायला जवळपास काही उरलेलंच नसतं. चिंच पानचिंचोलीची मिळाली तर बघा. २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या ज्या मालांना भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांत बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांच्या जोडीला ही चिंच आहे.

भाजून दळलेलं कडधान्य पाण्यात ढवळून मिनिटांत जेवण करणं हे जगात इतरांनाही सुचलं. १८६७ मध्ये बर्लिनच्या ग्रुनेबर्ग नावाच्या स्वयंपाक्यानं वाटाण्याचं पीठ, चरबी, कांदा आणि मसाला घोटून त्याची कांडी केली. 'एर्ब्सवुर्स्ट' म्हणजे वाटाण्याचं सॉसेज. प्रशियाच्या सैन्यानं ते उचललं आणि १८७०-७१ च्या फ्रान्सबरोबरच्या युद्धात शिपायाच्या झोळीत ते असे. तुकडा मोडायचा, पाण्यात उकळायचा, सूप तयार. पुढे १८८९ पासून क्नोर कंपनीनं ते विकायला घेतलं आणि जर्मन गिर्यारोहकांच्या कित्येक पिढ्या त्यावर जगल्या. २०१८ च्या अखेरीस खप घटल्यामुळे ते बंद झालं. आपल्याकडे सैन्याच्या तयार जेवणासाठी म्हैसूरला १९६१ पासून संरक्षण खात्याची वेगळी प्रयोगशाळा आहे. येसराला ना सैन्य लाभलं ना कंपनी, तरी ते चालू आहे, कारण ते दरवर्षी कुणाच्या तरी आईच्या कढईत भाजलं जातं. हल्ली बचत गटांच्या पाकिटांतही मिळतं. घेताना वास घ्या. खोबरं जास्त असेल तर महिन्याभरात खवट होतं. मुक्कामासाठी येसर करायचं तर खोबरं वगळा, चवीत थोडं उणं येईल पण दोन-तीन महिने बिनघोर राहील.

भाकरीवर मी बरीच पानं खर्ची घातली आहेत आणि संपादकांनी ती कापली नाहीत याबद्दल त्यांचा ऋणी आहे. ज्वारीच्या पिठाला भिजवायला जवळजवळ पिठाइतकंच पाणी लागतं. भाताला तांदळाच्या दुप्पट-अडीचपट, आणि तांदूळ धुवायला आणखी. म्हणून भाकरी. माणशी एका वेळी दोन भाकरी धरल्या तर दीडशे ग्रॅम पीठ पुरे. अडचण येते ती पिठाच्या वयाची. दळून पंधरा-वीस दिवस झाले, की पिठाची विरी जाते, म्हणजे चिकटपणा जातो, आणि भाकरी थापताना कडा फाटतात. त्यावर उपाय उकळत्या पाण्याचा: पिठाच्या मधोमध खळगा करून त्यात कढत पाणी ओतायचं, झाकायचं, हाताला सोसेल इतकं निवलं की मळायचं. विरी गेलेल्या पिठाचीही भाकरी फुगते. बाजरीचं पीठ मात्र नेऊच नका. तिच्यात स्निग्धांश जास्त, उन्हाळ्यात आठवड्याभरातच कडवट होतं. ज्वारीचा दाणा रब्बीचा असावा. मालदांडी किंवा परभणी मोती मिळाली तर उत्तम. मिळेल का, हा प्रश्न आहे. लातूर-नांदेडची शिवारं सोयाबीननं व्यापली आणि ज्वारी आता गव्हापेक्षा महाग पडते. एकेकाळी गरिबाची असलेली भाकरी ढाब्यांवर हौसेनं मागवली जाते. तो विषय वेगळ्या पुस्तकाचा.

ज्यांना थापता येत नाही त्यांच्यासाठी कडक भाकरी आहे. सोलापूर, लातूर, बिदर, कलबुर्गी या पट्ट्यातली ही चीज. पातळ थापून भाजायची आणि मग मंद आचेवर पार वाळवायची. पापडासारखी मोडते, महिनाभर राहते. पाणी? शून्य. ती पिशवीत नेली तर चुरा होतो आणि डब्यात नेली तर निम्मी शाबूत राहते. दोन्हींचा शेवट आमटीतच व्हायचा असल्यामुळे मी फार जपत नाही.

भाकरीसोबत जे काही असेल त्याला आपल्याकडे 'कोरड्यास' म्हणतात, कोरड्या भाकरीस लावायला म्हणून. या एका शब्दात जेवणाची सगळी मांडणी आली: भाकरी मुख्य, बाकीचं तिला ओलं करण्यापुरतं. मुक्कामातली कोरड्यासं दोन जातींची. एक शिजवायची, एक न शिजवायची. न शिजवायच्यांत चटण्या आल्या: शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची, तिळाची. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात आणि उष्मांक साडेपाचशेच्या वर. दिवसभर चाललेल्या माणसाला याहून स्वस्त इंधन नाही. चटणी खलबत्त्यात कुटली तर दाण्याचं तेल सुटून गोळा होतो आणि वरून तेल लागत नाही. मिक्सरात तिची भुकटी होते. ती कोपीवरली बाई म्हणूनच हसली होती. जवस कच्चा दळू नका, आधी तडतडेपर्यंत भाजा आणि निघायच्या दोन-चार दिवस आधीच दळा. त्याचं तेल लवकर बिघडतं.

शिजवायच्यांत पिठलं पहिलं. फोडणीच्या उकळत्या पाण्यात डाळीचं पीठ पेरत जायचं आणि दुसऱ्या हातानं घोटत राहायचं. अंधारात, वाऱ्यात, गाठी झाल्या तरी कुणाला दिसत नाहीत. त्यानंतर शेंगोळे. हुलग्याच्या पिठाचे हातावर वळलेले आकडे लसणाच्या झणझणीत पाण्यात उकळायचे. आमटी आणि पोटभरीचा ऐवज एकाच पातेल्यात, थंडीच्या रात्री याला तोड नाही. मग उन्हाळ्यातली वाळवणं: सांडगे, वांग्याच्या आणि गवारीच्या उसऱ्या. उसऱ्या म्हणजे भाजीच्या फोडी कडक उन्हात वाळवलेल्या. किलोभर वांगी वाळून मूठभर होतात. कोमट पाण्यात भिजवून ते पाणी फेकू नये, त्याच पाण्यात शिजवावं. बाजरीच्या खारोड्या तर शिजवायच्याही नाहीत. कच्च्या शेंगदाण्यांबरोबर शेकोटीपाशी चघळत बसावं.

सकाळच्या न्याहारीला सुशीला. चुरमुरे क्षणभर भिजवून पिळून काढायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत घालायचे आणि वरून फुटाण्याच्या डाळीचं कूट. चुरमुऱ्यांना वजन नाही पण जागा फार खातात, म्हणून त्यांची पिशवी उशीला घ्यावी. मी घेतो. सकाळपर्यंत थोडे मोडतात, चवीत फरक पडत नाही.

किनवट-माहूरकडचे लोक या यादीत रोडगे नाहीत असं पाहून पुस्तिका बाजूला ठेवतील, म्हणून आधीच सांगतो: आहेत. जाडसर गव्हाच्या कणकेचे तेलाच्या पुडाचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची आणि वांग्याच्या भाजीत चुरायचे. तवा नाही, परातीची गरज नाही, पाणी कणकेपुरतं. वेळ मात्र तास-दीड तास. ज्यांना घाई आहे त्यांनी करू नयेत.

सोयावडी घालावी की नाही यावर मी बराच काळ अडून होतो. ज्या पिकानं ज्वारी हटवली त्याच्याच गोळ्या पुस्तिकेत घ्यायच्या? पण न्याय करायला हवा. वर्षभर टिकते, दहा मिनिटांत भिजते, प्रथिनं भरपूर आणि येसराच्या आमटीत टाकली तर चवही लागते. घेतली आहे. एकच पान दिलं आहे.

पहिल्या दिवसाची शिदोरी घरूनच न्यावी, हे माझं ठाम मत आहे. पोहोचल्या पोहोचल्या चूल मांडणारे दमलेले असतात आणि खिचड्या करपवतात. धपाटे त्यासाठीच. ज्वारी, गहू आणि डाळीचं पीठ ताकात किंवा दह्यात भिजवायचं, लसूण-मिरची, तीळ, ओवा घालायचा आणि ओल्या फडक्यावर थापून बोटानं मधे भोकं पाडायची. थंडीत दोन दिवस सहज राहतात. मेथी किंवा कांद्याची पात घातली तर एकच दिवस. पाल्याचं पाणी त्यांना नासवतं. दशमी त्याहून टिकते. ती दुधात भिजवतात. जुन्या घरांत याचं कारण टिकाऊपणाचं सांगत नसत, सोवळ्याचं सांगत. पाणी लागलं की अन्न विटाळतं, दुधातलं प्रवासात चालतं. विटाळाची ती समजूत जाऊ दे, दशम्या राहिल्या आहेत.

पावसाळ्यात इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला पैनगंगा कोसळताना पाहायला जाणार असाल तर वरची अर्धी यादी विसरा. त्या हवेत पापड, खारोड्या, कडक भाकरी सगळं सादळतं. घट्ट झाकणाच्या डब्यांत येसर, चटणी आणि डाळीचं पीठ एवढंच न्या आणि पहिल्या दिवसाला धपाटे. शहरातून निघताना नांदेडला थांबणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये कुणीही पंगतीला बसू शकतो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी जिथं देह ठेवला तिथलं ते अन्न आहे. तिथं जेवून निघालं की शिदोरीतली एक वेळ वाचते.

सरपणाविषयी. रानात मिळणाऱ्यांत तुराट्या भाकरीला चांगल्या, भपकन पेटतात आणि तवा लवकर तापतो. पऱ्हाट्याही तशाच. शेंगोळे-रोडग्यांना गोवरी किंवा बाभळीचं लाकूड हवं, त्याचा विस्तव धरून राहतो. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय बांधावरची काडी उचलू नये. पैनगंगा अभयारण्यात किंवा कुठल्याही राखीव जंगलात चूल मांडायचीच नाही. तिथं मुक्कामाला वनखात्याची परवानगी लागते, आणि उन्हाळ्यात सागाच्या वाळल्या पानांना एक ठिणगी पुरते. अशा ठिकाणी कडक भाकरी, चटणी, कांदा आणि गूळ. तेही जेवणच आहे.

पुस्तिकेत चुका असतील. मापं वाटी-चमच्याची आहेत, कारण मुक्कामात वजनकाटा नसतो. काही पदार्थ एकाच गावात दोन नावांनी ओळखले जातात, तिथं मला जे नाव आधी कानावर पडलं ते ठेवलं आहे. येसराचं जे प्रमाण दिलं आहे ते हत्तीबेटाच्या त्या पुडक्याचं, मित्राच्या आईनं वाटी मोजून सांगितलेलं. तिच्या जावेचं प्रमाण वेगळं आहे आणि दोघींचं एकमेकींशी पटत नाही. तुमच्या घरी येसर भाजलं जात असेल तर माझं प्रमाण सोडून द्या, घरचंच न्या. आणि पाण्याचा जार तंबूच्या दाराशी ठेवू नका.